कोरियन फोमला घरी फेस येत नाही, गाल पोळायलेत. माल बोगस आहे का?

बांधावरचा_बापू, जालना

आधीच सांगतो, ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्यावं आणि मग उत्तर द्यावं.

वय ४६. बियाणे कंपनीत फिल्डवर आहे, म्हणजे बारा महिने मोटारसायकल. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. एप्रिलात संध्याकाळी घरी येऊन तोंडाचा रुमाल सोडला की चेहऱ्यावर दोन जमिनी दिसतात, रुमालाखालची मुरमाड आणि वरची काळी. नाकावर आणि नाकपुड्यांच्या कडेला काळे ठिपके तर इतके की धाकटी विचारती, पप्पा, नाकावर मोहरी टोकली का?

मोठी पोरगी बारावीची परीक्षा देऊन घरी बसलीय. दिवसभर कोरियन मालिका. भाषा कळत नाही, खालच्या ओळी वाचती आणि रडती. तिनं कुठूनतरी ऑनलाईन तोंड धुवायचा कोरियन फोम मागवला, १५० मिलीची नळी, ५८० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कुणाचा हेच अजून कळेना. आत पांढरी घट्ट मलई, चक्क्यासारखी, आणि तिच्यात खसखशीपेक्षा बारीक तपकिरी दाणे. मेलेली कातडी काढतो म्हणे. पोरीनं चार दिवस वापरला, कातडं ओढतंय म्हणाली आणि ठेवून दिला. ५८० रुपये कपाटात पडलेले मला बघवेनात. (आणि वैशाखात भाचीचं लग्न आहे, मामा म्हणून फोटोत पुढं उभं राहावं लागतं, हेही खरं.)

तर मी सकाळ-संध्याकाळ चोळायला लागलो. दोन दिवस लई भारी. गालावरून हात फिरवला तर काचेच्या ग्लासावरून फिरवल्यासारखा. पाचव्या दिवशी दाढीनंतर जे पोळलं, ते आजतागायत पोळायलंय. घाम आला की गालावर मीठ चोळल्यासारखं होतं. नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटलेत, हनुवटीवर चार नव्या पुटकुळ्या आल्यात. मोहरी जागच्या जागी.

दुसरी भानगड फेसाची. घरी याला फेसच येत नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी. तळहातावर चोळलं की आधी चार बुडबुडे, मग फाटलेल्या दुधासारखी कणी. तोंड किती धुतलं तरी गालावर काहीतरी बुळबुळीत राहतं, म्हणून परत लावतो, परत चोळतो. मागल्या रविवारी पुण्याला बहिणीकडं गेलो होतो. तीच नळी, तेवढाच फोम, आणि एवढा फेस आला की भाचा म्हणाला, मामा दाढी करायला बसलात का?

नळीच्या शेपटीवर तारीख ठोकलीय, २७.०४.११. म्हणजे २७ एप्रिल २०११! पंधरा वर्षांचा शिळा माल पोरीच्या गळ्यात मारला की काय?

पोरगी म्हणती, पप्पा हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर यायलीय, पंधरा दिवस सोसा. तिची आई काहीच म्हणत नाही, फक्त पिठाच्या डब्याकडं बघती. बोगस माल ओळखायचा कसा, आणि हे चालू ठेवू का बंद करू, एवढं सांगा.

मोंढ्यातली_मावशी, परभणी

बापू, हसून घेतलं. आता ऐका.

वहिनी डब्याकडं बघतेत ते बरोबरच आहे. आमच्या घरी चार पोरी वाढल्या, एकीच्या तोंडाला विकतचं लागलं नाही. मसुराची डाळ जाडसर भरडायची, दुधात कालवायची, वरून अर्धं लिंबू पिळायचं आणि चोळायचं. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असताना मधी कोरिया कुठून आला?

आरशामागची, लातूर

मावशी, रागावू नका, पण लिंबू नको. चौदा वर्षं पार्लर चालवतेय. लिंबाचा रस तोंडावर राहिला आणि माणूस उन्हात गेला तर चट्टे उठतात, पोळल्यासारखे, आणि त्यांचे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. बापूभाऊ तर दिवसभर उन्हातच. आणि जाडसर भरडलेली डाळ म्हणजे तरी काय, तीही घासणीच. घरची म्हणून ती गालाला कमी ओरबाडत नाही.

बापूभाऊ, आज रात्रीपासून फोम बंद. डाळ बंद, पीठ बंद, रुमालानं खसाखसा पुसणं बंद. दोन आठवडे नुसतं पाण्यानं तोंड धुवा, फार तर साबण नसलेलं, सौम्य काहीतरी वापरा. मेडिकलमध्ये पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ५.५ लिहिलेलं मिळतं. ओलसर असतानाच साधं मलम नाहीतर व्हॅसलीन बोटाच्या पेरावर मावेल इतकंच. रुमाल रोज धुतलेला हवा. कालच्या घामाचा रुमाल गालावर बांधून कुठलीही क्रीम उपयोगाची नाही.

पर्जिंगचं म्हणाल तर तो प्रकार खोटा नाही. रेटिनॉईड किंवा सॅलिसिलिकसारखी जी औषधं रात्रभर त्वचेवर राहतात, त्यांनी आत दबलेल्या पुटकुळ्या सुरुवातीला भराभर वर येतात. पण तुमचा फोम अर्ध्या मिनिटात मोरीतून वाहून जातो. आणि घाम झोंबणं, पापुद्रे सुटणं याला पर्जिंग म्हणत नाहीत. वरचा थर खरवडला गेलाय. त्वचेचा वरचा थर आपोआप झडून नवा यायला महिनाभर लागतो, तुम्ही तो दिवसातून दोनदा काढायला बसलात.

नाकावरची मोहरी ही माती नाही, हे गिऱ्हाइकांना रोज सांगून तोंड दुखतं. छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी साचतात, तोंडाशी हवा लागून ते काळं पडतं. वरून घासून ते निघत नाही, आजूबाजूचं कातडं मात्र निघतं. आपल्या सावळ्या कातडीला जिथं जळजळ झाली तिथं डाग राहतो, म्हणून मला घासणाऱ्यांची भीती वाटते. न घासणाऱ्यांची मुळीच वाटत नाही.

ते चोळलं की गोळ्या-गोळ्या निघणारं पीलिंग जेल असतं ना, त्याचंही तसंच. बायका मला त्या गोळ्या दाखवतात, ताई बघा किती मळ निघाला. मी एकदा एकीच्या हाताऐवजी स्टीलच्या ताटावर ते जेल चोळून दाखवलं. तिथंही बऱ्याच गोळ्या निघाल्या. ताटाला कुठली आलीय मेलेली कातडी? जेलमधला घट्टपणा आणणारा पदार्थच चोळल्यावर गोळा होतो.

एक खरं खरं सांगा. दुसरं काही लावताय का? मेडिकलवाल्यानं दिलेलं गोरं व्हायचं मलम, खाजेची ट्यूब, काहीही. मागच्या लग्नसराईत एक नवरी आली, लग्नाला बारा दिवस होते. घरच्यांनी चार महिने असलं मलम चोपडलेलं. गाल लालबुंद, बारीक लव वाढलेली, मलम एक दिवस सोडलं की आग. ते स्टिरॉईड होतं. मी हात लावला नाही, पैसे परत दिले आणि त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. अशा तोंडावर दाणेदार फोम म्हणजे काय होईल विचार करा.

बांधावरचा_बापू

ताई, बंद केलं. मलम-बिलम काही नाही. दाढीनंतर तुरटी फिरवतो तेवढीच, वडिलांपासूनची सवय.

पोरीनं नळीमागची यादी वाचून दाखवली, जशी कळली तशी लिहितो. पाणी, ग्लिसरीन, मिरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साईड, लॉरिक ॲसिड, मग पाच-सहा नावं जिभेवर येत नाहीत, अक्रोडाच्या कवचाची भुकटी, सेल्युलोज, वास, आणि अगदी शेवटाला सॅलिसिलिक ॲसिड. नळीच्या पुढं मात्र सॅलिसिलिकचं नाव सगळ्यात मोठं.

आरशामागची

तुरटी! खरवडलेल्या गालावर तुरटी! भाऊ, तुम्ही माणूस आहात की उंबरठा?

दुष्फेन, नांदेड

ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. माझं इथलं नाव बघून लोक विचारतात हे काय. जुन्या शाळेच्या पुस्तकात दोन शब्द होते, ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन आणि ज्यात येत नाही ते दुष्फेन. आता पुस्तकात मृदू आणि कठीण लिहितात. जुने शब्द शहाणे होते, व्याख्या शब्दातच होती.

बापू, तुमच्या मुलीनं वाचलेली यादी ही साबणाची पाककृती आहे. मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक ही तेला-तुपातली आम्लं. मिरिस्टिकचं नाव तर जायफळावरून पडलंय. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साईड टाकलं की साबण झाला. सोडियमचा केला की वडी जमते, पोटॅशियमचा केला की मऊ राहतो, म्हणून तो नळीत भरता येतो. बाहेर कोरियन अक्षरं असली तरी आत साबण, अक्रोड आणि सुगंध आहे. सगळे कोरियन फोम असे नसतात, पण दाट, चक्क्यासारखे आणि भरपूर फेसाळणारे बरेचसे असेच असतात.

आता तुमचं बोअर. आपला मराठवाडा बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर बसलाय. त्याच्या भेगांतून पाणी मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. साबण अशा पाण्यात पडला की फेस करण्याआधी तो कॅल्शियमला चिकटतो आणि न विरघळणारा साका होतो. तुमची फाटलेल्या दुधाची कणी म्हणजे तोच. बादलीच्या आत पांढुरकं कडं बसतं, हीटरच्या कॉइलवर पापडी जमते, तूरडाळ तीन शिट्ट्या जास्त मागते, सगळं एकाच घरचं. पुण्यात बहिणीकडं धरणाचं पाणी, ते मऊ. तिथं साबणाला साबणाचं काम करता आलं.

म्हणजे घरी तुम्ही गालावर साबणाचा साका थापत होता. तो चिकट लागला म्हणून आणखी फोम घेत होता. फोम जास्त म्हणजे दाणे जास्त. फेस असला तर दाणे त्यावरून घसरतात, फेसच नसेल तर ते सरळ कातड्यावर घासतात.

त्यात साबणाचा पीएच ९ ते १० आणि चेहऱ्याचा ५ च्या आसपास. निरोगी त्वचा काही वेळात सावरते, पण खरवडलेली सावरत नाही. आणि ते शेवटचं सॅलिसिलिक. ते आम्ल काम करतं ते आम्लधर्मी ठिकाणी, पीएच ३-४ ला. साबणात पडल्यावर त्याचा क्षार होऊन बसतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नाव छापण्यापुरता त्याचा उपयोग.

पुरावा पाहिजे तर दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच जारचं. दोन्हीत हरभऱ्याएवढा फोम टाका, बूच लावून वीस वेळा हलवा आणि पाच मिनिटं उभ्या ठेवा. बोअरच्या पाण्याचा कधी काळी तपासणी अहवाल केला असेल तर त्यात एकूण काठिण्य बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, असं धरलंय.

सुवॉनचा_बीडकर

मूळ माजलगावचा. सहा वर्षं कोरियात सुवॉनला नोकरी करतो.

बापूकाका, पहिली गोष्ट तारीख. इकडं वर्ष आधी लिहितात, मग महिना, मग दिवस. २७.०४.११ म्हणजे ११ एप्रिल २०२७. तारखेला चिकटून कोरियन अक्षरं असतील तर ती पोरीला वाचायला सांगा, मालिका बघून एवढं येत असेल. 'क्काजी' असेल तर त्या तारखेपर्यंत वापरा, 'जेजो' असेल तर त्या दिवशी बनवला. ११ एप्रिल २०२७ अजून यायचाय, म्हणजे तुमचा 'क्काजी'च असणार. स्टिकरवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. भारतात आयात होणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांना तो लागतोच. तो असेल, शिक्का उखडलेला नसेल आणि पुण्यात फेस आला असेल, तर माल बोगस म्हणायला काही जागा नाही.

दुसरी गोष्ट घासण्याची. कोरियन लोकांना घासायचा नाद फार जुना आहे. सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्यात अर्धा तास भिजायचं आणि मग खरखरीत हातमोज्यानं अंग घासायचं. त्या मोज्याला 'इताली टॉवेल' म्हणतात, इटलीहून आलेल्या कापडाचा म्हणून. निघाला बुसान शहरात, १९६० च्या दशकात. पहिल्यांदा गेलो तेव्हा घासणाऱ्या काकांनी माझ्या पाठीवरून जे राखाडी शेवयांसारखं काढलं, ते बघून मला आईची आठवण आली. दिवाळीच्या पहाटे ती उटण्यानं असंच काढायची. पण तो मोजा अंगासाठी. आणि दाण्यांचा फोम इकडची पोरं-पोरी रोज वापरत नाहीत, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. नळीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ वापरलात, म्हणजे आठवड्यात चौदा वेळा.

साबणाच्या फोमनं धुतल्यावर कातडं ताणून चुईचुई वाजल्यासारखं होतं ना, त्याला इकडं 'प्पोदुक-प्पोदुक' म्हणतात. एके काळी लोकांना तेच आवडायचं, स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं. आता दुकानात गेलं तर 'याकसानसॉंग' लिहिलेल्या बाटल्या पुढं मांडलेल्या असतात, म्हणजे सौम्य आम्लधर्मी. पुढच्या वेळी मागवायचा असेल तर तो शब्द बघा. इकडचं नळाचं पाणीही मऊ आहे, दुष्फेन सर म्हणतात तसं. मी दरवर्षी माजलगावला आलो की हाच शाम्पू केसाला राखेसारखा लागतो, इतकी वर्षं मी शाम्पूलाच दोष देत होतो.

आणखी एक. आधीच्या काळात असल्या फोममध्ये प्लॅस्टिकचे बारीक मणी असायचे. कोरियानं २०१७ मध्ये त्यावर बंदी आणली, म्हणून आता अक्रोड, सेल्युलोज. नदीला बरं झालं, गालाला त्याचा फायदा नाही. अक्रोडाचं कवच दळलं तरी त्याला कोपरे राहतात.

मोंढ्यातली_मावशी

लिंबाचं मागं घेतलं. डाळीचं नाही घेत.

बांधावरचा_बापू
(साडेतीन आठवड्यांनी)

सगळ्यांना नमस्कार. लग्न उरकलं, आता सावकाश लिहितो.

बाटल्यांचा प्रयोग त्याच दिवशी केला, मोरीच्या कट्ट्यावर, अख्खं घर भोवती. जारच्या पाण्याच्या बाटलीत चार बोटं फेस, अर्ध्या तासानं बघितलं तरी दोन बोटं उभा. बोअरच्या बाटलीत वर फेसाचं नखाएवढं कडं, तेही बघता बघता बसलं, आणि पाणी ताकासारखं गढूळ होऊन तळाला पांढरा चुरा. दाणे दोन्हीत सारखेच. धाकटी म्हणाली, ह्या बाटलीत पप्पांचं तोंड आहे. फवारणीच्या पाण्यासाठी माझ्या बॅगेत पीएचच्या पट्ट्या असतात, त्यातली एक जारच्या पाण्यात कालवलेल्या फोमला लावली. निळसर हिरवी झाली, डबीवरच्या रंगात ९ आणि १० च्या मधे.

मग मी जरा वेळ गप्प बसलो, कारण बोअरचा अहवाल माझ्याकडं होता. दोन वर्षांपूर्वी मीच नमुना भरून भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत दिला होता. एकूण काठिण्य ७६०. फाईलमध्ये लावून ठेवलेला.

आणि मी शेतकऱ्याला काय सांगत हिंडतो? ग्लायफोसेट जड पाण्यात कालवू नका, त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, तण मरत नाही आणि तुम्ही कंपनीला शिव्या देता. दरसाल, गावोगाव, हेच वाक्य. मागल्या जूनमध्ये परतूरकडं एका शेतकऱ्याचं सोयाबीन उगवलं नाही. चारचौघांत मला धरलं, बियाणं बोगस दिलं म्हणून. मी बांधावर उभा राहून त्याला सुनावलं होतं. टॅग दाखवा, पिशवी दाखवा, ७५-१०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधी पेरलं का, पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं का. आधी आपलं तपासा, मग बोगस म्हणा. उकरून बघितलं तर बी वीतभर नाही पण चांगलं चार बोटं खोल होतं. तो माणूस खाली बघत होता. परवा त्याच्या गावावरून गेलो तेव्हा मुद्दाम चहाला थांबलो. फोमचं काही सांगितलं नाही, एवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

नळीवर 'क्काजी' आहे. पोरीनं अडखळत वाचलं आणि तिला झालेला आनंद बारावीच्या निकालाला होईल का नाही शंका आहे. नोंदणी क्रमांकही आहे.

चेहऱ्याचं सांगतो. पोळणं आठव्या दिवशी थांबलं. पापुद्रे जायला दोन आठवडे लागले. तुरटी ठेवून दिली, वडिलांची होती म्हणून टाकवली नाही. साबण नसलेली बाटली मेडिकलमधून आणली, २४० रुपये. तिला फेस फारसा येतच नाही, पण धुतल्यावर चिकटही राहत नाही. पहिले चार दिवस वाटायचं, तोंड धुतलंच नाही. फेस आला म्हणजे मळ गेला, हे डोक्यातून जायला वेळ लागतो. तोंडापुरतं एक तांब्या जारचं पाणी घेतो. यावर घरात थोडी कुरबुर झाली, जारच्या पाण्यात चहा होतो, तोंडं धुवायला नाही म्हणून. पाणी उकळून, निवळून वरचं घ्यायचं असं करून बघितलं. पातेल्याला पांढरी पापडी धरली आणि फेस आधीपेक्षा बरा आला, पण जारच्या पाण्यासारखा नाही.

आता सनस्क्रीनही लावतो. रुमालाच्या आत लावतो म्हणून कुणाला दिसत नाही. मंठ्याच्या कृषी केंद्रावर पाणी प्यायला रुमाल सोडला तर दुकानदार म्हणाला, बापू, चुना लागलाय गालाला.

मोहरी आहे तिथंच आहे. ताई, आता नाकाचं काय करू?

आरशामागची

कातडं शांत झालंय तर आता चालेल. २ टक्के सॅलिसिलिकचं जेल, रात्री, फक्त नाकावर, आठवड्यातून दोनदा. सकाळी सनस्क्रीन विसरायचं नाही. जळजळ झाली की त्याच दिवशी थांबायचं. दीड-दोन महिने द्या, ठिपके कमी होतील, सगळे जाणार नाहीत. माझ्या नाकावरही आहेत, आणि मी चौदा वर्षं लोकांची नाकं बघतेय.

दुष्फेन

बापू, ते दोन बाटल्यांचे फोटो असतील तर टाका. जूनमध्ये वर्गात दाखवीन, तुमचं नाव न सांगता.

आणि उरलेल्या नळीचं काय केलंत?

बांधावरचा_बापू

फोटो टाकतो.

नळी बायकोनं घेतली. टाचांना. रात्री पाय जारच्या पाण्यात भिजवती (आता ते पाणी चालतं), फोम लावती आणि वजरीनं घासती. दोन वर्षांच्या भेगा होत्या, भरत आल्यात. हळदीच्या दिवशी मामा म्हणून पुढं उभा राहिलो तर पोरांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद फासली, फोटोत माझा चेहरा दिसतच नाही. तिच्या टाचा मात्र पाटावर बसलेल्या फोटोत आल्यात, लख्ख.

मोंढ्यातली_मावशी

टाचांचा फोटो टाका. आणि वहिनींना विचारा, ती नळी किती दिवस पुरती.